वाढदिवसाचं पाणी

महाबळेश्वरहून सुटलेली एसटी आंबेनळी घाट उतरायला लागली तेव्हा माझ्या मांडीवर वही होती आणि डोक्यात एक भांडण तयार होतं. कोणाशी भांडायचं तेही ठरलं होतं. पोलादपूरच्या वर एका धनगरवाडीत पाणी आणायचं काम दोन परदेशी मिशनऱ्यांनी हाती घेतलं होतं आणि मी चार दिवस त्यांची दुभाषी म्हणून चालले होते. भांडण झालं, पण भलत्याशीच झालं, आणि त्यातलं निम्मं माझं माझ्याशी झालं. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या कराडच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा आणि आत्या ती छापून आणायचे आणि आम्ही भावंडं जेवणं झाली की घड्या घालत बसायचो. बाराखडीच्या आधी मला ‘निषेध’ हा शब्द वाचता यायचा. सेवा करणारा माणूस दिसला की त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते आधी बघ, असं आत्या म्हणायची. त्यामुळे मॉर्मन पंथाचे मिशनरी म्हटल्यावर मी आयुष्यभर जमवलेले सगळे मुद्दे वहीत लिहून घेतले होते.

मार्च संपत आला होता. घाटात कारवीची झुडपं वाळून करडी झाली होती आणि मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा दिसत होता. प्रत्येक वळणावर ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि माझ्या शेजारची बाई डोळे मिटून घ्यायची. खाली उतरू तशी हवा जड होत गेली. पोलादपूरच्या स्टँडवर पाय ठेवला तेव्हा अंगातला स्वेटर शत्रू वाटायला लागला होता.

स्टँडवर मला घ्यायला हे काम बघणाऱ्या स्थानिक संस्थेचे प्रमुख आले होते. सगळे त्यांना विलास सर म्हणत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, शुद्ध मराठी. परदेशातून मदत आली की ती गावापर्यंत नेऊन काम पुरं करायचं, हा त्यांच्या संस्थेचा उद्योग. “ताई, माणसं साधी आहेत,” ते जीपमध्ये म्हणाले. “फक्त गावकरी काय वाट्टेल ते बोलतात. सगळंच शब्दाला शब्द सांगत बसू नका. सार सांगा.”

सार. हा शब्द मी तेव्हाच जीपच्या खिडकीतून बाहेर फेकायला हवा होता.

मिशनरी महाडला एका लॉजवर उतरले होते. माझ्या डोळ्यांपुढे काळ्या टायमधली दोन गोरी पोरं होती. समोर आलं ते म्हातारं जोडपं. छातीवर नावाची काळी पट्टी. ते एल्डर व्हिटलॉक (पुरुष मिशनऱ्याला त्यांच्यात एल्डर म्हणतात), दातांचे निवृत्त डॉक्टर. त्या सिस्टर व्हिटलॉक, उंच, वाकलेल्या, पायात आजोबांचे वाटावेत असे बूट. म्हातारी जोडपीसुद्धा घरदार बंद करून, स्वखुशीने, दीड वर्ष अशी सेवेला जातात, हे मला नवीन होतं. मधे घरी जायचं नाही. या काळात त्यांना दोन नातवंडं झाली, ती त्यांनी फोनच्या पडद्यावरच पाहिली.

मी वही उघडण्याआधीच सिस्टर म्हणाल्या, “इथे आम्ही धर्माबद्दल बोलायचं नाही, असा नियम आहे. आम्ही फक्त पाण्याच्या कामाला आलो आहोत.” झालं. माझे बारा मुद्दे जागच्या जागी वाळले.

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, की परवा त्यांना सत्तर पूर्ण होतात. घरी असत्या तर चौदा नातवंडांनी अंगण भरलं असतं. “विलासने विचारलं, काय भेट देऊ. मी म्हटलं, मला काही नको. त्या वाडीतला नळ सोडायचा आणि पाणी पडताना बघायचं. एवढंच.”

विलास सर हसले. “डन, सिस्टर.”

मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे कबूल करते. आज त्या वाक्याची आठवण झाली तरी दात आवळले जातात. दुसऱ्याच्या घशाच्या कोरडेला आपल्या वाढदिवसाची तारीख बांधायचा हक्क कोणालाच नाही, कितीही प्रेमळ माणूस असो.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडी बघायला गेलो. दोघं दोन महिन्यांपूर्वी कोणाला न भेटता टाकीचा पाया बघून गेले होते, त्यानंतरचं काम त्यांनी फोटोंवरच पाहिलं होतं. पोलादपूर मागे टाकून जीप कच्च्या रस्त्याला लागली. खाली भातखाचरं उन्हानं तडकलेली, वर डोंगराच्या खांद्यावर तेवीस घरं. धनगरांची वस्ती, म्हशी-शेळ्यांवर आणि नाचणी-वरीवर जगणारी. गावाच्या तोंडाशीच निळ्या रंगाची नवी कोरी टाकी उभी, तिला चार पितळी नळ.

जीप थांबताच बायका सिस्टरभोवती जमल्या. ‘सिस्टर आली’ एवढंच त्यांनी ऐकलेलं. एकीने गुडघा दाखवला, दुसरीने खोकणारं मूल पुढे केलं, तिसरीने थेट दंड उघडा करून धरला. मी सांगितलं, “या नर्स नाहीत हो. त्यांच्यात बाईमाणसाला सिस्टर म्हणतात.”

“मंग कशाला आलीय?” दंडवाली म्हणाली आणि पदर खाली घेऊन निघून गेली.

आम्ही बायजाबाईंच्या पडवीत बसलो. साठीच्या, काटक. वाडीतल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. सून सुरेखा स्टीलच्या पेल्यांत चहा घेऊन आली. म्हशीच्या घट्ट दुधाचा, वर साय धरलेला. सिस्टरनी हात जोडले आणि मान हलवली. एल्डरनीही.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. खालच्या गावातले काही लोक वर आले की धनगराघरचा चहा ‘आत्ताच घेतला’ म्हणून अजून टाळतात, हे मला सुरेखानेच नंतर सांगितलं. आणि हा महाडचा मुलूख. एका सार्वजनिक तळ्यावरचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी माणसांना जिथे लढावं लागलं, तिथे ‘नको’ हा शब्द कधीच नुसता ‘नको’ नसतो.

“का गो?” बायजाबाईंनी मला विचारलं. “आमच्या हातचा चालत नाय काय यांना?”

“तसं नाही मावशी. त्यांच्या धर्मात चहा-कॉफी बंद आहे. सगळ्यांकडचीच. घरीसुद्धा पीत नाहीत.”

बायजाबाईंनी सिस्टरकडे नीट बघितलं. “देवानं चहा बंद केला? असं काय केलं होतं गो यांनी?”

बायका खदखदून हसल्या. मी ते शब्दाला शब्द सांगितलं. सिस्टर सगळ्यांपेक्षा जोरात हसल्या. मग त्यांना गूळ घातलेलं गरम दूध आलं. एल्डरनी दोन पेले रिचवले आणि मिशीला लागलेली साय तशीच ठेवून बसले.

तेवढ्यात बायजाबाई माझ्याकडे सरकल्या आणि सलग बोलायला लागल्या. “आता सांग त्यांना. टाकी बांधली, नळ लावलं, रंग दिला, समदं झालं. पाइप टाकीच्या मागं वीस पावलांवर करवंदीत तोंड मिटून पडलाय. आमचा डवरा (झऱ्याच्या तोंडाशी खणलेला खड्डा) तिथनं वर पाऊण तासावर हाय. पाइप तिथवर गेलाच नाय. थेंब आला नाय टाकीत. आनि दुसरं सांग. उद्या यांनी कागदावर सही केली का काम झालं ठरलं. काम झालं म्हंजे वाडीला पाणी आलं. मंग उन्हाळ्यात पंचायतीचा टँकर येतो ना, त्या यादीतनं आमचं नाव कटलं. खालच्या वाडीचं असंच झालं. कागदावर नळ आलं, आनि टँकर गेला. वर डवरा आटतो गो वैशाखात. म्हशी काय प्यायच्या? हे सांग.”

मी तोंड उघडलं. दारातून विलास सर म्हणाले, “ताई, एक मिनिट.”

बाहेर शेणाने सारवलेल्या अंगणात, उन्हात ते मला म्हणाले, “पाइपचं काम उद्या सकाळी होतंय. माणसं लावलीत मी. उद्या त्यांचा वाढदिवस आहे. घरापासून इतक्या लांब आलेल्या म्हातारीचं मन कशाला मोडायचं? एका रात्रीचा प्रश्न आहे.”

पाऊण तासाच्या चढावर एका सकाळीत पाइप जात नाही, एवढं माझ्यासारख्या शहरी मुलीलाही कळतं. मला कळलं. मी ते कळून घेतलं नाही. आत गेले आणि सिस्टरना इंग्रजीत सांगितलं, “टाकी छान झाली म्हणतात. पाण्याची वाट बघतायत.”

बायजाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. रिकामे पेले गोळा करून आत गेल्या.

येताना महाडजवळ सावित्रीवरच्या पुलावर जीप क्षणभर थांबली. खाली नदी उन्हाळ्याची बारीक झालेली, वाळूचे पट्टे उघडे. सिस्टर म्हणाल्या, “किती चांगली माणसं आहेत.” मला तेव्हाही राग आला, आणि तो त्यांच्यावर काढता येत नाही म्हणून अजून आला. चांगली माणसं म्हणजे काय? जी आपल्याला दूध देतात आणि प्रश्न विचारत नाहीत ती? प्रश्न विचारला होता. तो मी गिळला होता.

वाढदिवसाची सकाळ लॉजच्या खोलीत उजाडली. तिकडे त्यांच्या गावी आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. फोनच्या पडद्यावर दाटीवाटीने चेहरे, गाणं, मधेच कोणाचं तरी कुत्रं. सिस्टर हसत होत्या. फोन बंद झाल्यावर त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एल्डरनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बारीक, बेसूर आवाजात तेच गाणं पुन्हा म्हटलं. त्या क्षणी मला वाटलं, एक दिवस खोटा सुखाचा गेला तर कोणाचं काय जाणार आहे. माणूस हळवा झाला की असा गुन्हेगार होतो.

महाडच्या बेकरीतून अननसाचा केक घेतला. पोलादपूर सोडून कच्च्या रस्त्याला लागलो आणि जीपचं चाक बसलं. ड्रायव्हर जॅक लावत होता. केकचा खोका मांडीवर सांभाळत सिस्टर एका दगडावर बसल्या होत्या. वरून एक पिकअप आली. मागे काळी प्लास्टिकची टाकी, तिच्या तोंडातून लोंबणारी जाड नळी, आणि रस्त्याच्या धुळीत पाण्याची ओली रेघ.

पिकअपवाल्याने विलास सरांना बघून हात केला. “सर, तीन खेपा टाकल्या! भरली टाकी वरपर्यंत!”

“काय म्हणतोय तो?” सिस्टरनी मला विचारलं.

विलास सरांनी इंग्रजीतून उत्तर दिलं. “पुढे रस्ता मोकळा आहे म्हणतोय.”

मी गप्प राहिले. ती गप्प बसण्याची दोन-तीन सेकंदं मला माझ्या चोवीस वर्षांत सगळ्यात लांब वाटतात. सिस्टरनी पिकअपवाल्याला हात हलवून धन्यवाद दिले.

वाडीत मांडव घातला होता. टाकीला फुगे बांधले होते. टेबलावर प्लास्टिकचं कापड, त्यावर केक, शेजारी काम पूर्ण झाल्याचा कागद आणि त्यावर वजन म्हणून दगड. मुंबईला हॉटेलात काम करणारा नामदेव सुट्टीवर आला होता, तो मोबाइल घेऊन शूटिंग करत होता. “मॅडम, इधर बघा, स्माइल द्या. आपली वाडी एकदम फेमस होनार हाय.”

विलास सरांनी छोटंसं भाषण केलं आणि मग बायजाबाईंना म्हणाले, “चला मावशी. आधी ओटी भरा, मग सिस्टर नळ सोडतील, मग केक.”

मी सिस्टरना समजावलं. या वाडीत नवं पाणी आलं की घरातली मोठी बाई त्याची ओटी भरते. हळदकुंकू, तांदूळ, नारळ, खण पाण्याला वाहते, जसं माहेरी आलेल्या मुलीला देतात तसं. त्याच्याआधी ते पाणी कोणी पीत नाही. सिस्टरचे डोळे भरले. “माझ्या वाढदिवसाला,” त्या म्हणाल्या.

बायजाबाई पुढे आल्या. हातात सूप, सुपात सगळं सामान. त्यांनी एक नळ अर्धा सोडला, बोटं ओली केली, वास घेतला आणि नळ बंद केला. मग सूप टेबलावर केकच्या शेजारी ठेवलं.

“नाय भरायची.”

“अहो मावशी,” विलास सर हसत म्हणाले, “पाहुण्या खोळंबल्यात.”

“हे खालच्या विहिरीचं पाणी हाय. औषिद टाकलेलं. गाडीतनं आलंय. ओटी झऱ्याची भरतात, नदीची भरतात, विहिरीची भरतात. गाडीची नाय भरत.”

“विधी म्हणून करा हो. दोन मिनिटांचं काम.”

“विधी म्हनून?” बायजाबाईंचा आवाज चढला. “ओटी भरली म्हंजे पाणी घरात आलं. मी भरली तर उद्या मी कुठल्या तोंडानं सांगू का पाणी नाय आलं? पाणी म्हंजे आई. आईची ओटी आनि खोटी साक्ष? करनार नाय, सर.”

नामदेव मोबाइल खाली घेऊन म्हणाला, “काकी, टेन्शन कशाला घेतेस? टाकी तर भेटली ना. आज भरली, पुढच्या टायमाला परत भरतील.”

“तू सा महिन्यांनी येतोस नि आठ दिवस आंघोळ करून जातोस रे! हंडा कवा उचललायस?”

सिस्टर एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. “काय झालं? त्या का रागावल्या?”

विलास सर माझ्या कानाशी आले. “मावशींना बरं नाहीये म्हणून सांगा. चक्कर आली म्हणा.”

त्या वेळी माझ्या आत काय झालं ते मला छान शब्दांत मांडायचं नाही. बायजाबाईंकडे गमावण्यासारखं किती होतं! टाकी, परदेशी पाहुणे, वाडीतल्या माणसांचा मान. त्यांनी सूप ठेवून दिलं. माझ्याकडे गमावण्यासारखं चार दिवसांचं एक काम होतं.

मी इंग्रजीत बोलायला लागले. पिकअपपासून सुरू केलं. तीन खेपा. करवंदीत तोंड मिटून पडलेला पाइप. टँकरची यादी. खालची वाडी. वैशाखात आटणारा डवरा. ओटी भरली तर ती साक्ष ठरेल, हे. विलास सर मधे दोनदा “सिस्टर, लेट मी एक्सप्लेन” म्हणाले, मी आवाज वाढवला. शेवटी म्हटलं, “हे सगळं त्यांनी काल तुम्हाला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही.”

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “तुला काल माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू मला म्हणालीस, टाकी छान झाली.”

“हो.”

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बायजाबाई मला म्हणाल्या, “काल मी एवढं बोलले आनि तू दोन शब्दांत आटपलंस. तवाच समजले मी. आज बोललीस तेवढं लांब होतं ते. आज बरोबर सांगितलंस.”

सिस्टर उठल्या आणि टाकीच्या मागे चालत गेल्या. करवंदीच्या काट्यांत त्यांचा झगा अडकला, त्यांनी तो ओढून फाडला. पाइप सापडला. काळा, जाड, त्याच्या तोंडाला गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी. त्यांनी पिशवी सोडली, आत बघितलं, पाइप हलवला. आतून दोन मुंगळे बाहेर आले.

“पुढचं काम जंगलातून आहे,” विलास सर म्हणत होते. “परवानगी लागते. ती मागायची आहे अजून. पावसाळ्यानंतर नक्की करू. पण तुम्ही जूनमध्ये परत जाणार, नवं जोडपं सगळं पहिल्यापासून विचारणार. म्हणून म्हटलं, तुमच्या हातून पूर्ण व्हावं. तुमचीच इच्छा होती ना?”

हा माणूस चोर आहे असं मला लिहिता आलं असतं तर सोपं झालं असतं. तो चोर वाटत नव्हता. पाहुण्याला खूश करून पाठवायचं आणि वर्षाचं काम पुरं दाखवायचं, यात त्याला काही चूकच दिसत नव्हती. मला अशा माणसांचा चोरांपेक्षा जास्त संताप येतो.

एल्डरनी टेबलावरचा कागद उचलला आणि ते मला म्हणाले, “हे त्यांना पूर्ण सांग. मी सही नाही केली तर काम अपुरं म्हणून नोंदलं जाईल. मग पुढचे लोक येऊन ठरवतील. ते पुढे करतीलच असं मी सांगू शकत नाही. कदाचित सगळंच सोडून देतील. काय करायचं ते वाडीने सांगावं.”

मी शब्दाला शब्द सांगितलं. वाडीत गलका उडाला. नामदेव म्हणाला सही होऊ दे, हातात आलेली टाकी कोण सोडतो. दोघा-तिघा पुरुषांनी माना डोलावल्या. सुरेखा पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. “टाकी काय पळून चाललीय? हितंच राहील. टँकर पळंल त्याचं काय? पाऊण तास तुमी चढा, मंग सही करा!” बायकांनी तिचं म्हणणं उचलून धरलं.

बायजाबाई सिस्टरसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “सांग तिला. सही करू नको म्हनावं. आनि तो केक काप आता, पोरं कवापासून बसलीयत.”

सिस्टरनी आधी एल्डरच्या हातातला कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: पाइप नाही, पाणी नाही. खाली तारीख घातली, आपल्या वाढदिवसाची. मग केक कापला. गाणं कोणी म्हटलं नाही. पोरांनी हातांनी केक खाल्ला आणि टाकीतल्या पिकअपच्या पाण्याने हात धुतले. त्यांच्यापैकी कोणालाही ते पाणी कुठून आलं याने फरक पडत नव्हता. नारळ मात्र फुटला नाही. बायजाबाईंनी तो सुपासकट घरात नेला.

मग सिस्टरनी डवरा बघायचं ठरवलं. सत्तर वर्षांच्या बाईला पाऊण तासाच्या वाटेला पावणेदोन तास लागले. दोनदा त्या खाली बसल्या, एकदा ओकल्या. सुरेखा त्यांचा हात धरून चढत होती, डोक्यावर रिकामा हंडा. वर हातभर रुंदीचा खड्डा, तळाला वीतभर पाणी, आणि वाटीने हळूहळू भरलेला हंडा. सिस्टरनी वाट बघत बसलेल्या सहा बायका मोजल्या. उतरताना त्या म्हणाल्या, “मी इतक्या महिन्यांत पाण्याचे सात नळ सोडले. तेही असेच गाडीने भरलेले होते का?” त्यांना दिलासा देणं हे आता माझं काम नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये विलास सर मराठीत माझ्याशी बोलले. मी वाडीचं वाटोळं केलं, पुस्तकी पोरींना काम म्हणजे काय ते कळत नाही, पुन्हा या भागात मला कोणी बोलावणार नाही. मी म्हटलं, “हे सगळं त्यांना इंग्रजीत सांगू का? शब्दाला शब्द?”

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घेताना सिस्टरनी माझा हात हातात घेतला नाही. “तू मला खरं सांगितलंस त्याबद्दल आभार,” त्या म्हणाल्या, “पण एक दिवस उशिरा.” मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्यांच्यावरही माझा राग आहेच. इतके महिने फोटोंवर विश्वास ठेवणं हा निष्पापपणा नव्हे, ती सोय आहे. पण त्या निदान आपल्या वाढदिवशी करवंदीत शिरल्या.

पोलादपूरहून एसटी पुन्हा घाट चढायला लागली. खिडकीतून डोंगरांचे खांदे एकामागून एक खाली जात होते. मी वही उघडली आणि ते बारा मुद्दे खोडले. ते चूक नव्हते, पण ज्यांच्या बाजूने लिहिले होते त्या वाडीतलं माणूस त्यात कुठेच नव्हतं. देणाऱ्याचा धर्म कोणता, त्याचा हेतू काय, यावर मी रात्रभर वाद घालू शकते. वाडीचा प्रश्न फार लहान होता: जे आम्ही बोललो ते पोचलं का? दोन बाजूंच्या मधे उभं राहणारा प्रत्येक माणूस, दुभाषी असो, सर असो, पत्रकार असो, तिथे ‘सार’ काढायला बसला की ज्यांचं नुकसान होणार त्यांचंच बोलणं आधी गाळलं जातं. हे मी केलं. मी, जिला असलं काही कधी करणार नाही याची खात्री होती.

जून उलटल्यावर मी सुरेखाला फोन केला. व्हिटलॉक जोडपं परत गेलं होतं. नवं कोणी अजून आलं नव्हतं. एक माणूस येऊन दोरीने डवऱ्यापर्यंतचं अंतर मोजून गेला, एवढंच.

“मग टाकी?”

“हाय की. तिच्या सावलीला म्हशी बसायच्या उन्हाळाभर.”

मी विचारलं, बायजाबाई माझ्यावर रागावल्यात का.

“सासूबाई? नाय गो. त्या म्हनतात, पोरगी एक दिवस उशिरा बोलली, पन बोलली.” मागे म्हशीचं हंबरणं ऐकू आलं, कोणीतरी तिला हाकललं. “वैशाखात डवरा आटला. पन टँकर आला, दर मंगळवारी. यादीत नाव हाय आमचं.”